मातानी पछेडी : मानाचा शिक्का आणि मंडपातला फ्लेक्स

नोव्हेंबर २०२२ मध्ये बालीच्या जी-२० परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांना एक चित्रित कापड भेट दिले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जानेवारी २०२३ मध्ये पद्म पुरस्कारांची यादी आली. तशीच कापडे रंगवणारे अहमदाबादचे भानुभाई चितारा यांचे नाव तिच्यात पद्मश्रीसाठी होते. त्याच वर्षी या कलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे आपण ज्याला सरसकट जीआय म्हणतो ते मिळाले. मातानी पछेडी हे नाव तोवर वडोदऱ्यातल्या आपल्या अनेक घरांनाही नीट ठाऊक नव्हते. वर्षाच्या आत ते बातम्यांत आले, शासकीय दुकानांच्या फलकांवर गेले आणि लगोलग उशांच्या अभ्र्यांवर, चणियाचोळीच्या घेरावर आणि गरब्याच्या मंडपातल्या फ्लेक्सवरही जाऊन बसले.

एखाद्या कलेला असा मान एकापाठोपाठ एक मिळतो तेव्हा आपण टाळ्या वाजवून मोकळे होतो. आम्हाला मात्र या निमित्ताने दोन गोष्टी तपासून पाहाव्याशा वाटल्या. शिक्का मिळाल्याने कारागिराच्या हातात नेमके काय पडते? आणि नवरात्राच्या मंडपासाठी दरवर्षी पडदे घेणाऱ्या आपल्यासारख्या मंडळाचा त्यात काही संबंध येतो का? आमच्या मते येतो, आणि बराच येतो.

पण आधी पछेडी म्हणजे काय ते पाहू. हा शब्द ऐकला की मराठी कानाला पासोडी आठवते. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी ‘पंचीकरण’ लिहिले ती कापडी पासोडी शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनी वाचलेली असते. पछेडीही अशीच मोठी चादर, पण तिच्यावर अक्षरांऐवजी देवी आहे. सुती कापडाच्या मध्यभागी कमानीदार देऊळ काढलेले असते आणि त्यात माता आपल्या वाहनावर बसलेली असते. काळ्या बोकडावर मेलडी, मगरीवर खोडियार, कोंबड्यावर बहुचरा, रेड्यावर विसत, जहाजात वहाणवटी. कुत्र्यावर बसलेली हडकाई माताही असते, आणि कुत्रा चावला की लोक तिला नवस बोलतात. देवीच्या भोवती आडव्या पट्ट्यांत बाकीचे जग भरलेले असते : गणपती, चवऱ्या ढाळणाऱ्या बाया, बळीचा रेडा घेऊन निघालेले भक्त, कावड खांद्यावर घेतलेला श्रावण, रामायणातले प्रसंग, झाडे, मोर, वाघ. कडेने ठशांची नक्षी धावते. पारंपरिक पछेडीत रंग तीनच, काळा, लाल आणि कापडाचा मूळचा पांढरा. अलीकडच्या कामात निळा, पिवळा, हिरवाही दिसतो.

आता ही चादर कशासाठी? देवळासाठी. देवळात टांगायला नव्हे, तर देऊळ म्हणून. चार पछेड्या चार बाजूंना भिंतींसारख्या लावायच्या, वर छताला चौकोनी चंदरवो ताणायचा, की आत गाभारा तयार झाला. भुवा, म्हणजे ज्याच्या अंगात देवी येते तो, तिथे बसतो. जागरिया डाक वाजवत देवीच्या कथा गातो. नवस फेडायचा तो तिथेच. काम झाले की देऊळ घडी घालून पेटीत ठेवायचे.

घडी घालता येणारे देऊळ लागावे असे कोणाला वाटले असेल? परंपरेने दिलेले उत्तर सरळ आहे. ज्या लोकांना दगडी देवळात येऊ दिले जात नव्हते, त्यांनी देवी कापडावर काढली आणि आपल्या अंगणात आणली. हे लोक म्हणजे पूर्वी वाघरी म्हणून ओळखली जाणारी जमात. हे नाव हिणवण्यासाठी इतके वापरले गेले की आज ती मंडळी स्वतःला देवीपूजक म्हणवतात. दातण विकणे, भाजी विकणे, जुन्या कपड्यांवर भांडी देणे ही त्यांची कामे. आपल्या पोळांमधून आणि सोसायट्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या आपण त्यांच्याशी घासाघीस करत आलो आहोत. पछेडी रंगवणारी चितारा कुटुंबे याच समाजातली. (कोकणात आणि गोव्यात चितारी म्हणतात तो शब्द याचाच सख्खा.)

आपल्यासाठी इथे एक अवघड जागा आहे, ती टाळून पुढे जाणे बरे नाही. पछेडीवर जी बहुचरा कोंबड्यावर बसते, तिचे बेचराजीचे दगडी देऊळ अठराव्या शतकाच्या अखेरीस मानाजीराव गायकवाडांनी बांधले, असे परंपरा सांगते. अहमदाबादेत भद्राच्या किल्ल्याला लागून असलेले भद्रकालीचे देऊळही मराठ्यांच्या अंमलातले. गुजरातेत मराठी माणूस आला तो देवीभक्त म्हणूनही आला आणि त्याने देवींना उत्पन्ने लावून दिली, याचा आपल्याला अभिमान आहे. त्याच काळात, त्याच देवींची भक्ती करणारा एक समाज देवळाबाहेर राहून कापडावर देऊळ रंगवत होता. सयाजीराव महाराजांनी १९३० च्या दशकात संस्थानची देवळे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुली केली, हेही आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावेच. पण तोवर किती पिढ्या बाहेर होत्या याचा हिशेब आपल्या स्मरणिकांमध्ये कुठे आढळत नाही. पछेडी हा त्या हिशेबाचा एक कागद आहे, फक्त तो कापडाचा आहे.

आता कामाकडे वळू. यात घाईला जागा नाही, आणि नक्कल का परवडते तेही इथेच कळते.

कोरे मादरपाट आधी भिजवून, धुऊन त्यातली खळ काढतात. मग ते हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवतात. कापड फिकट पिवळसर दिसू लागते. हिरड्यातला तुरट अंश हीच पुढच्या सगळ्या रंगांची पकड. दुसरीकडे काळ्या रंगाची तयारी बरेच दिवस आधी सुरू झालेली असते. गंजलेले लोखंड आणि गूळ पाण्यात घालून आंबत ठेवतात. फेस येतो, उग्र वास सुटतो, आणि मग ते पाणी चिंचोक्याच्या पिठाच्या खळीत शिजवून दाट करतात. ही शाई हिरड्याच्या कापडाला लागली की लोह आणि तुरट द्रव्य एकत्र येऊन काळे होते. आपल्या आजोबांच्या काळची दौतीतली शाईही याच जातीची होती. कारागीर बांबूची काडी टोकाला तासून कलम करतो आणि आकृतीची काळी रेघ ओढतो. खडूने किंवा शिसपेन्सिलीने आधी आखून घेणे नाही. चूक झाली तर खोडायचीही सोय नाही, कारण लोहाचा डाग जात नाही.

लाल रंगाची गंमत तर ऐकूनच घ्यावी. लाल भरायचा त्या जागी कारागीर लाल लावतच नाही. तो तुरटी लावतो. चिंचोक्याच्या खळीत कालवलेली तुरटी तिथे तिथे भरून कापड काही दिवस मुरू देतात. मग ते वाहत्या पाण्यात धुतात, म्हणजे तुरटीचा न धरलेला भाग निघून जातो. वाहते पाणी इथे गरजेचे आहे. साचलेल्या पाण्यात सुटलेली तुरटी शेजारच्या पांढऱ्यावर बसते आणि पुढे तिथे लाल डाग उमटतो. त्यानंतर मोठ्या तांब्याच्या भांड्यात कापड उकळतात. या पाण्यात पूर्वी मंजिष्ठेसारख्या किंवा आलाच्या मुळांचा रंग असे, आता बहुतेक ठिकाणी अलिझरीन असते. सोबत धायटीची वाळलेली फुले टाकतात. गुजरातीत त्यांना धावडी म्हणतात. तुरटी होती तिथे उकळत्या पाण्यात लाल चढतो. तुरटी नव्हती तिथे तो टिकत नाही, आणि धायटीमुळे पांढरे स्वच्छ राहते. विझलेल्यासारखे दिसणारे कापड भांड्यातून बाहेर येते तेव्हा देवी लाल झालेली असते. मग पुन्हा धुणे आणि उन्हात वाळवणे.

म्हणजे हे काम चित्रकाराचे आहे तितकेच रंगाऱ्याचेही. रेघ कितीही सुंदर असो, तुरटी कमी मुरली किंवा पाणी गढूळ असले की सगळे वाया. घरातली पुरुष मंडळी रेघा ओढतात, तर रंग भरण्यात, धुण्यात आणि उकळण्यात बाया आणि मुले लागलेली असतात. पुरस्कार एका माणसाच्या नावावर येतो, पण कापड साऱ्या घराचे असते. एका मोठ्या, दाट काम असलेल्या पछेडीला काही आठवडे तर लागतातच, बारीक कामाला काही महिने.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर साबरमतीबद्दल बोलावे लागेल. चितारा कुटुंबे शहरात नदीच्या जवळपास राहिली ती याच कारणाने. धुण्यासाठी वाहती धार हवी, वाळवायला वाळूचा पट्टा हवा. आज अहमदाबादच्या मध्यातल्या साबरमतीत जे पाणी दिसते ते नर्मदेच्या कालव्यातून आलेले आणि वासणाच्या बंधाऱ्याने अडवलेले आहे. दोन्ही काठांना काँक्रीटच्या भिंती झाल्या आणि त्यावर फिरायला रस्ते झाले. शहराला नदीकाठ मिळाला, आपणही संध्याकाळी तिथे हौसेने जातो. पण वाळूचा काठ आणि वाहती धार गेली. कापड धुण्याची ती जागा परत आणून देणे कोणत्याही मानांकनाच्या आवाक्यात नाही. एखाद्या कलेला वाचवायचे म्हणताना आपण कागद, शिक्के आणि प्रदर्शने यांचा विचार करतो. धुवायचे कुठे, हा प्रश्न नियोजनाच्या नकाशावर येत नाही. आमच्या मते पछेडीच्या बाबतीत पहिला प्रश्न तोच असायला हवा होता.

आता शिक्क्याकडे येऊ. आपल्याकडे जीआयबद्दल फार गोड गैरसमज आहेत. मानांकन मिळाले म्हणजे नक्कल बंद झाली, असे वर्तमानपत्रे वाचून वाटते. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा, अमलात आला २००३ मध्ये. त्याची नोंदणी चेन्नईच्या कार्यालयात होते आणि ती दर दहा वर्षांनी पुढे चालवावी लागते. हा कायदा मुख्यतः नाव राखतो. ठरलेल्या प्रदेशात, ठरलेल्या पद्धतीने न बनवलेला माल त्या नावाने विकला तर तो गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. पण बोकडावरच्या देवीचे चित्र छापून कोणी ‘एथनिक प्रिंट’ म्हणून विकले तर? तिथे कायद्याचा हात लांबेलच असे नाही. चित्रविषय कोणाच्या मालकीचा नसतो, आणि बाजाराला नेमकी हीच फट हवी असते.

दुसरी गोष्ट अशी की नोंदणी एखाद्या संस्थेच्या किंवा मंडळाच्या नावावर असते. प्रत्यक्ष कारागिराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते, तेव्हा कुठे त्याला ते चिन्ह आपल्या मालावर लावता येते. २०२० मध्ये या अर्जाचे शुल्क पाचशे रुपयांवरून दहा रुपयांवर आणले, हे चांगले झाले. पण अडचण शुल्काची कमी आणि अर्ज, पुरावे, हेलपाटे यांची जास्त असते, हे कोणत्याही सरकारी खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या माणसाला सांगायला नको.

याचे ताजे उदाहरण आपल्या घरचेच आहे. जून २०२५ मध्ये प्रादा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन प्रदर्शनात हुबेहूब कोल्हापुरी वाटाव्यात अशा चपला दाखवल्या. महाराष्ट्रात आणि बेळगाव-निपाणी भागातही संताप झाला. कोल्हापुरीला २०१९ पासून मानांकन आहे. ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून आहे, बेळगाव त्यातलाच एक. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. जुलैमध्ये न्यायालयाने जनहित याचिका फेटाळली. कारण असे की याचिका करणारे मानांकनाचे नोंदणीकृत धारक नव्हते, आणि धारक असलेल्या महामंडळांना स्वतः दाद मागायची मुभा होतीच. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच असेल. पण त्यातून दिसते ते असे की संताप कितीही मोठा असो, तो कागदावर नाव असलेल्याच्या हातूनच उपयोगी पडतो. कोल्हापुरीच्या मागे निदान दोन राज्यांची महामंडळे आहेत आणि घराघरांत ओळख आहे. पछेडीच्या मागे बोटांवर मोजण्याइतकी कुटुंबे आहेत. त्यांनी सुरतेच्या कापड गिरणीवर दावा लावायचा, ही कल्पनाच अवघड.

वारलीचेही तेच. वारली चित्रांना २०१४ मध्ये मानांकन मिळाले, पण मग्गांवर आणि मोबाइलच्या कव्हरांवर नाचणाऱ्या त्या त्रिकोणी माणसांची वारली पाड्यांशी काही देवघेव असल्याचे कधी दिसले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये हाताने काढलेल्या चित्रांवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला, ही थोडी मदत. ती प्रदर्शनातल्या आणि दुकानातल्या विक्रीला लागू पडेल. गल्लीत राहून नवसाची पछेडी करून देणाऱ्याला तिचा फारसा फरक पडत नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल की छापील पछेडी म्हणजे पाप आणि हाताची म्हणजे पुण्य, असे आम्ही म्हणतो आहोत. तसे नाही, आणि हा मुद्दा नीट समजून घेण्याजोगा आहे. लाकडी ठशांचा वापर पछेडीत फार पूर्वीपासून आहे. कडेची नक्षी तर ठशांनीच होते. गांधीनगरजवळचे पेथापूर अशा सागवानी ठशांसाठी प्रसिद्ध. पूर्ण आकृत्याही ठशांनी उमटवून वर हाताने रंग भरलेल्या पछेड्या होत आल्या आहेत, कारण घेणारा गरीब होता. नवस बोललेल्या भाजीवाल्या बाईला महिनाभराची मजुरी देऊन हाताने काढलेली पछेडी घेणे शक्य नव्हते. कारागिरालाही तिला रिकाम्या हाताने परत पाठवायचे नव्हते. आज त्याच घरातली सून बाजारातून स्वस्त, स्क्रीनने छापलेली पछेडी आणते आणि तिच्यापुढे दिवा लावते. तिची पछेडी खोटी म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. देवीपुढे टांगले, भुव्याने पूजले, की ते कापड पछेडी झाले.

प्रश्न आहे तो दुसऱ्या ग्राहकाचा, म्हणजे आपला. आपण ते कापड नवसाला घेत नाही. आपण ते दिवाणखान्यात किंवा मंडपात लावतो, ते ‘पारंपरिक’ दिसते म्हणून. आपल्याला हातचे परवडते, निदान मंडळ म्हणून नक्कीच परवडते. तरी आपण गिरणीचे छापील घेतो आणि पाहुण्यांना मात्र ‘ही आपल्या गुजरातची चारशे वर्षांची कला’ म्हणून सांगतो. खोटेपणा इथे सुरू होतो. कापडाच्या जागी प्लॅस्टिकचा फ्लेक्स असेल तर विचारायलाच नको. हाडाची भक्ती असलेला गरीब ग्राहक छापिलाकडे गेला आणि ऐपत असलेला हौशी ग्राहकही छापिलाकडेच गेला, तर हाताने करणाऱ्याला उरतो तो परदेशी संग्रहालय आणि सरकारी भेटवस्तू एवढाच ग्राहक. त्यावर दोन-चार नामवंत घरे चालतील. कला चालायला त्या घरांच्या आजूबाजूला रंग उकळणारी, ठसे कोरणारी, कापड धुणारी माणसेही लागतात.

याचा अभ्यास पूर्वीच झाला आहे, हेही सांगायला हवे. जोन एरिक्सन यांचे पछेडीवरचे पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९६८ मध्ये काढले. एबरहार्ड फिशर, ज्योतिंद्र जैन आणि हकु शाह यांचा मोठा अभ्यास १९८२ मध्ये जर्मन भाषेत आला आणि इंग्रजीत यायला पुढे तीस वर्षे लागली. हकु शाह आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. ज्योती भट्ट यांनी गुजरातेतल्या लोककलांची छायाचित्रे वर्षानुवर्षे काढली तीही वडोदऱ्यात राहूनच. म्हणजे आपल्या गावात या विषयाची जाण असलेल्या माणसांची परंपरा आहे. मराठी मंडळांच्या कार्यक्रमांत मात्र चित्रकथी, वारली आणि पैठणीच्या पलीकडे कोणी जात नाही. पिंगुळीच्या चित्रकथीसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या सर्व गटांवर अभिनंदनाचे संदेश फिरले. दोन वर्षांनी शंभर किलोमीटरवरच्या चितारांना तोच मान मिळाला, तेव्हा फारशी हालचाल दिसली नाही. ‘ते गुजरात्यांचे’ असे मनात कुठेतरी असते. या भूमीत दोनशे-अडीचशे वर्षे राहिलेल्या समाजाने असे म्हणणे थोडे विचित्रच.

खरी पछेडी ओळखायची कशी, असे सभासद विचारतील. काही खुणा सांगता येतील. कापड उलटून पाहा. हिरडा, लोह आणि तुरटीचा रंग धाग्यात उतरलेला असतो, त्यामुळे मागच्या बाजूलाही चित्र चांगले दिसते. डिजिटल छपाईत आणि बऱ्याच स्क्रीन छपाईत मागची बाजू फिकट राहते. रेघ पाहा : बांबूच्या कलमाची रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते आणि कलम पुन्हा बुडवले तिथे किंचित दाट होते. एकाच पट्टीतल्या चार चवरीवाल्या बायांचे डोळे शेजारी शेजारी पाहा. हाताने काढलेले चार चेहरे तंतोतंत एकसारखे नसतात. कडेच्या ठशांचे सांधे कोपऱ्यात कधी कधी जुळत नाहीत, आणि ते न जुळणे चांगले लक्षण आहे. काळ्यात थोडी करडी किंवा तपकिरी झाक असते, छापील काळा डोळ्यांत खुपण्याइतका गडद असतो. आणि भाव. दोन हात लांबीची, बारीक कामाची पछेडी कोणी शे-दोनशे रुपयांत देऊ करत असेल तर पुढे काही तपासायची गरज नाही. विक्रेत्याला कारागिराचे नाव विचारा, जीआयची अधिकृत नोंद आहे का ते विचारा. असे प्रश्न वारंवार आले की दुकानदारही उत्तरे शोधून ठेवू लागतो.

यंदा आमची सूचना साधी आहे. नवरात्रात आणि गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठामागे लागणारा पडदा दरवर्षी नवा छापून घ्यायचा आणि उत्सव झाला की टाकून द्यायचा, हे थांबवावे. त्या खर्चात दोन-तीन वर्षांची भर घालून एक मोठी, हाताने केलेली पछेडी आणि एक चंदरवो मंडळाने कायमचा घ्यावा. तो थेट कारागिराकडून किंवा शासनाच्या गरवी गुर्जरीसारख्या ठिकाणाहून, पावतीवर कारागिराचे नाव लिहून घ्यावा. कार्यक्रमात त्या कापडाशेजारी ते कोणी केले याची पाटी लावावी. कारागिरांच्या घरातल्या दोघांना एका रविवारी बोलवावे, मानधन आणि प्रवासखर्च देऊन, मुलांना हिरडा-तुरटीचा खेळ दाखवण्यासाठी. प्रात्यक्षिक फुकट करून घेण्याची सवय आपल्या मंडळांना आहे, ती या बाबतीत तरी नको. हे कापड देवळाच्या भिंती म्हणून केलेले असते, तेव्हा त्यापुढे लावणी-ऑर्केस्ट्रा ठेवायचा की आरती आणि कीर्तन, याचाही विचार सांस्कृतिक समितीने करावा.

कोणी म्हणेल की ज्यांच्या देवीला आपण दारात घेतले नाही, तिचे कापड आता शोभेला आणायचे, हे तरी बरे का? हा प्रश्न आमच्या बैठकीतही निघाला. त्याचे समाधानकारक उत्तर आमच्याकडे नाही. एवढेच वाटते की ते विचारायचे माणूस आपण नव्हे. कापड मागताना ते कशासाठी हवे आहे हे कारागिराला स्पष्ट सांगावे आणि त्यात कोणती देवी, कोणता प्रसंग घालायचा हे त्याच्यावर सोडावे. तो नको म्हणाला तर ते मान्य करावे.

वेळेचे गणित मात्र आत्ताच मांडायला हवे. पावसाळ्यात कापड वाळत नाही, नदीचे पाणी गढूळ असते, आणि नवरात्राच्या तोंडावर कारागिरांकडे नवसाच्या पछेड्यांची मागणी आधीपासून असते. ती अडवून आपली पुढे रेटणे बरे दिसणार नाही. तेव्हा पुढच्या नवरात्रासाठी हवी असेल तर मागणी होळीच्या आत नोंदवावी लागेल, आणि किती लांबी-रुंदीचे कापड लागणार ते सभागृह मोजून त्याआधी ठरवावे लागेल.